ऑपरेटरचा रकाना

१ जुलै १९९६, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून शाळा सुरू. मुलीची, अनुश्रीची, व्हॅन पहिल्या फेरीला निघाली. परदेशीपुऱ्यातली अकरा मुले, शाळा तुकोगंजला. सहा पस्तीसला निघायला हवी होती. पाच मिनिटे उशीर. कारण: निधीची वॉटरबॅग घरी राहिली.

अनुश्री चोवीसची, बी.कॉम. टायपिंगच्या क्लासमध्ये तीन वर्षे शिकवून तिने जुनी मारुती व्हॅन घेतली आणि स्वतःच चालवते. आधी मोहल्ला हसला. मग आयांनीच मुले पाठवली, मॅडम चालवतात म्हणून. आता व्यवस्थापन माझ्याकडे आहे. तसे कोणी म्हणालेले नाही, पण अनुभव घरात मलाच आहे.

मिल बंद होऊन साडेचार वर्षे झाली. मी विव्हिंग खात्यात ब्रेकडाउन रजिस्टर लिहायचो. लूम थांबला की नोंद. वेळ, मशीन, कारण, ऑपरेटर. ऑपरेटर म्हणजे चूक ज्याची त्याचे नाव. सत्तावीस वर्षांत एकही रकाना कोरा सोडला नाही. मिल बंद झाली त्या दिवशी दोन कोरी रजिस्टरे माझ्याबरोबर घरी आली. एक आजपासून व्हॅनसाठी. दुसऱ्यात हे लिहितो आहे.

संकल्प: रोज नोंद. रोज फिरणे. मिलच्या गेटवर रोज न जाणे.

३ जुलै

गेटवर गेलो. फक्त पाच मिनिटे.

व्हॅनच्या रजिस्टरमध्ये लिहायला काही घडत नाही. शेवटी लिहिले: मागची काच घाण. ऑपरेटर: अनुश्री. तिने वाचले, काच पुसली. शिस्त लागते आहे.

९ जुलै

गेटवर अप्पासाहेब भेटले. विव्हिंग मास्तर होते, माझे साहेब. नवी पार्टी मिल घेणार अशी बातमी आहे. ती मागच्या वर्षीही होती.

दुसरी बातमी खरी वाटते. सांवेर रोडवर एक नवा कारखाना निघाला आहे, बाहेरच्या देशातली मशीन आणलीत. मशीन बंद पडण्याच्या नोंदी ठेवायला अनुभवी माणूस हवा, असे अप्पासाहेबांनी ऐकले. मालक त्यांच्या ओळखीचा. म्हणाले, दिनानाथ, तुझ्याशिवाय कोण आहे? रविवारी, अठ्ठावीसला, बोलावले आहे. रविवारीही कारखाना चालू असतो. आजकाल असेच.

अप्पासाहेबांनी विचारले, सवारीच्या टेम्पोने जायचे का. मी म्हणालो, घरची गाडी आहे. ड्रायव्हर कोण, असे त्यांनी विचारले. मीच, म्हणालो.

हे खोटे नाही. लायसन आहे. मॅनेजरसाहेबांचा ड्रायव्हर विष्णू रजेवर गेला की मिलची अँबेसेडर मी काढायचो. दोनदा उज्जैनला गेलो आहे. विष्णूनेच शिकवले. त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगखाली. विष्णूचा मंत्र एकच: सुरुवात छातीजवळ, वेग लांब. म्हणजे पहिला-दुसरा टाकताना दांडी आपल्याकडे ओढायची, तिसरा-चौथा टाकताना आपल्यापासून लांब ढकलायची. बारा वर्षे झाली, हात विसरलेला नाही.

१४ जुलै, रविवार

मिलच्या मागच्या मैदानात प्रॅक्टिस. अनुश्री शेजारी. व्हॅनचा गिअर खाली, डाव्या हाताला. ती म्हणाली, बाबा, इथे तुमच्या मंत्राच्या उलट आहे. पहिला-दुसरा तुमच्यापासून लांब, तिसरा-चौथा तुमच्याकडे. आणि चौथ्याच्या बरोबर शेजारी दुसरा आहे, तेवढं लक्षात ठेवा.

लक्षात ठेवण्यासारखे यात काही नाही. तरी तीनदा चौथ्याऐवजी दुसरा पडला. वेग कमी होता म्हणून गाडी फक्त कण्हली. कारण: दांडी चुकीच्या बाजूला बसवली आहे. कारखान्याला पत्र लिहावे म्हणतो.

परत येताना अनुश्री हळूच म्हणाली, एकटे नका काढू हं बाबा. पोरांची गाडी आहे. मी म्हणालो, बरं. बरं म्हणजे ऐकले, असा अर्थ होतो.

१७ जुलै

दुपारी पलंगावर बसून लाटण्याने प्रॅक्टिस. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. शंभर वेळा. हात आता झोपेतही चुकणार नाही. बायकोला, शशिकलाला, पोळ्यांसाठी लाटणे हवे होते, जेवायला अडीच वाजले. ती थोडा वेळ दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, तुम्ही तर ते लांब ढकलताय, अनू तर जवळ ओढते. मी म्हणालो, तू किचन बघ.

२२ जुलै

गेटवर गेलो. चौकीदार म्हणाला, बाबूजी, आपका तो रोज ही इतवार है. सोमवार होता. काही वाटले नाही.

२८ जुलै, रविवार. सकाळी ९.१०

शशिकला आणि अनुश्री टेम्पोने खजरान्याच्या गणपतीला गेल्या. रविवारी व्हॅनला सुट्टी, हा अनुश्रीचा नियम. किल्ली खिळ्यावर. सांगून गेलो असतो, पण घरात कोणी नाही. इस्त्रीचा शर्ट. दहाला अप्पासाहेब.

दुपारी २.३०. सांवेर रोड, चहाच्या ठेल्यावर

विशेष काही नाही. गाडी थांबली आहे.

क्रमाने लिहितो. गाव संपेपर्यंत उत्तम. अप्पासाहेब म्हणाले, हात छान बसलाय. पुढे रस्ता मोकळा, समोर सळयांचा एक ट्रक. तिसऱ्यावर सत्तरपर्यंत नेली आणि ट्रकच्या पुढे काढली. आता चौथा. मला विचारही करावा लागला नाही. हात आपोआप गेला, लांब आणि खाली. क्लच सोडला.

सीटच्या खालून किंकाळी आली. व्हॅनचे इंजिन सीटखालीच असते. मागून कोणी गाडी धरून ठेवावी तसा झटका बसला, अप्पासाहेबांचे कपाळ काचेवर आपटले. मग खटखट, मग एक मोठा खट, धूर, आणि मग काहीच नाही. मागे वळून पाहिले तर रस्त्यावर काळ्या तेलाची लांब रेघ.

कारणे: इंजिन जुने. पेट्रोल भेसळीचे. ट्रकचा धूर आत गेला असणार.

अप्पासाहेब म्हणाले, तू दुसरा टाकलास का रे? मी म्हणालो, सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे माझा. त्यांनी पुन्हा विचारले नाही. कपाळाला रुमाल लावून ते टेम्पोने पुढे कारखान्यात गेले. कोणीतरी जायलाच हवे होते. मी गाडीजवळ थांबलो आहे. दुसरा चहा झाला.

संध्याकाळी ६.००

ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी आणली. गल्लीतले सगळे बाहेर आले होते. अनुश्री ओट्यावर होती. तिने दार उघडून सीट वर केली, आत बघितले आणि हात तसाच ठेवून उभी राहिली. मी म्हणालो, चालता चालता बंद पडली. ती म्हणाली, तुम्हाला लागलं नाही ना?

नाही लागले.

रजिस्टर उघडले. वेळ: ११.०५. मशीन: व्हॅन. कारण: तपास चालू. ऑपरेटर: उद्या लिहू.

२९ जुलै

मुले आज वडिलांच्या स्कूटरवर गेली. निधीची मम्मी आठ वाजता आली. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो, पण दार उघडे होते. अनुश्रीने सांगितले, इंजिन गेले, काही दिवस लागतील. निधीची मम्मी म्हणाली, देखो बेटा, बुरा मत मानना, पर निधी के पापा पहले से कह रहे थे, मशीन का काम है, लड़की के हाथ में कब तक चलता. बच्चे नहीं थे अंदर, भगवान का शुक्र है.

अनुश्री म्हणाली, जी आंटी.

मी उठणार होतो. पण कोणी विचारल्याशिवाय जबाब द्यायचा नाही, हा खात्याचा नियम होता. मला कोणी विचारले नाही. तेच पान दोनदा वाचले गेले.

३० जुलै

शामच्या गॅरेजवर. शामने खालचे भांडे काढले, तेलाबरोबर तुकडे पडले. इंजिनातला एक रॉड वाकून तुटला आहे आणि बाजूच्या लोखंडातून बाहेर आला आहे. भोकातून माझे दोन्ही अंगठे जातील. घालून बघितले नाहीत.

शाम म्हणाला, भिया, ये अपने आप नी होता. तीसरे के बाद चौथा डालना था, किसी ने दूसरा डाल दिया. स्पीड में दूसरा लगा दो तो पहिये इंजन को घुमाते हैं, इंजन बेचारा कित्ता घूमेगा. मी म्हणालो, भेसळीचे पेट्रोल असेल. तो म्हणाला, पेट्रोल से छेद नी होता बाबूजी.

मग त्याने अनुश्रीकडे बघितले. अनुश्रीने माझ्याकडे बघितले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितले. जुलै संपत आला आहे.

अनुश्री म्हणाली, मैंने ही डाला होगा.

शाम हात पुसत राहिला. म्हणाला, दुसरे इंजिन बाहेरून मागवावे लागेल, महिनाभर लागेल.

घरी येऊन विचार केला. ती स्वतः 'होगा' म्हणाली. म्हणजे तिलाही पक्की खात्री नाही. अशा वेळी मी मध्ये बोलून गोंधळ वाढवणे बरे नव्हते.

रात्री जेवलो. चव कळली नाही. मीठ कमी असेल.

२ ऑगस्ट

सात मुले बंडूच्या व्हॅनमध्ये गेली. बंडू आमच्याच मिलचा, लूमवर होता. गाडी थांबवून खाली उतरला. म्हणाला, दिनानाथजी, अनूबेटीचं वाईट वाटलं. मी मुलं मागितली नव्हती, लोकच आले. मी म्हणालो, चालायचेच. मग तो म्हणाला, चौऱ्याऐंशीत माझ्या लूमचा पट्टा तुटला होता, तुम्ही ऑपरेटरमध्ये माझं नाव लिहिलं. पट्टा सडलेला होता हो, दिनानाथजी. बोलून तो हसला आणि गेला. राग दिसला नाही.

त्या दिवशी काय झाले होते ते आठवत नाही. नियमाप्रमाणे रकाना कोरा ठेवता येत नसे.

६ ऑगस्ट

उरलेली चारही गेली.

अप्पासाहेब भेटले. कपाळावर काळा डाग राहिला आहे. सांवेर रोडच्या त्या कारखान्यात मशीन थांबले की मशीनच कागद छापून देते, कधी थांबले आणि कशामुळे. मालक त्यांना म्हणाला, अंकल, चाय पीके जाइए. अप्पासाहेब चहा पिऊन आले.

मी विचारले, ऑपरेटरचे नावही मशीनच छापते का? ते म्हणाले, तेवढं मी विचारलं नाही.

९ ऑगस्ट

शशिकला आज पोळ्या लाटता लाटता थांबली. पाठ माझ्याकडे होती. म्हणाली, मला सगळं माहीत आहे. अनूने सांगितलं नाही, मी हे लाटणं बघितलं होतं. तुम्ही एकदा चार लोकांत बोला. पोरीचं नाव खराब होतंय. उद्या दुसरं इंजिन आलं तरी मुलं कोण पाठवेल?

मी सांगितले, माझ्या मनात तेच आहे, योग्य वेळ बघतो आहे. पंधरा ऑगस्टला चौकात झेंडावंदन आहे, सगळे पालक असतील. मी ज्येष्ठ म्हणून दोन शब्द बोलतोच. तेव्हा सांगतो.

ती म्हणाली, नक्की? मी म्हणालो, नक्की. मग तिने माझ्यासाठी वेगळी पोळी केली, तूप लावून.

१५ ऑगस्ट, गुरुवार

भाषण झाले. पंधरा मिनिटे. विषय: यंत्रांची निगा आणि राष्ट्र. सुरुवात चांगली झाली. मग निधीचे पापा पुढच्या रांगेत दिसले, बाजूला बंडू, मागे भिंतीला टेकून अनुश्री. म्हणालो, कधी कधी अनुभवी माणसाकडूनही. तिथे माइकने शिट्टी वाजवली. शिट्टी थांबल्यावर वाक्य कुठवर आले होते ते लक्षात राहिले नाही. जय हिंद म्हणालो.

टाळ्या पडल्या. पोहे-जलेबी होती. शशिकलाने घेतली नाही.

१९ ऑगस्ट

अनुश्रीने व्हॅन आहे तशी विकायला काढली. बंडूचा साडू घेतो आहे, उद्या ओढून नेणार. तिला सांवेर रोडवर टायपिंगची नोकरी लागली आहे. कंपनीची बस चौराह्यावरून सहा पस्तीसला सुटते. ती व्हॅनमधला लहान गणपती आणि मुलांनी चिकटवलेले स्टिकर काढत होती. एक स्टिकर निघेना, नखाने खरवडत बसली होती.

मी विचारले, वाईट वाटतं का ग? ती म्हणाली, काही वाटत नाही बाबा.

हे वाक्य माझे आहे. साडेचार वर्षे मी ते रोज म्हणतो. तिच्या तोंडून ऐकले आणि छातीत दुखले. गॅसेस नव्हते. वाईट वाटले. मला खूप वाईट वाटले.

उद्या सांगणार. माइक नाही, काही नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

सकाळी दहाला निधीच्या घरी गेलो. अनुश्री नव्या नोकरीवर गेली होती. निधीचे पापाही घरी होते. उभ्यानेच सांगितले, माझ्या हिंदीत, एका दमात. गाडी मी चालवत होतो. मुलीला न सांगता नेली. सत्तरच्या स्पीडला चौथ्याऐवजी दुसरा टाकला. जुन्या गाडीची सवय होती, हात उलटा गेला. तिने मला आधी बजावले होते. चूक माझी आहे, सगळी माझी.

मग निधीच्या मम्मीने डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, भाईसाब, बैठिए. मी म्हणालो, समजलं ना तुम्हाला? निधीचे पापा उठले, माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, बाबूजी, सब समझ गए. बेटी की गलती अपने सिर ले रहे हैं. आजकल कौन बाप करता है.

मी म्हणालो, नाही, खरंच मीच. ते म्हणाले, हाँ हाँ, आप ही.

अप्पासाहेबांना विचारा, म्हणालो. ते म्हणाले, अप्पासाहेब तो आपके दोस्त हैं, वो भी यही बोलेंगे. चहा आला, बरोबर शेव. पुन्हा सगळे पहिल्यापासून सांगितले, हाताने गिअर करून दाखवला. निधीची मम्मी जास्तच रडली.

तिथून बंडूकडे गेलो. तो ऐकून घेऊन म्हणाला, दिनानाथजी, तुम्ही आणि स्वतःचं नाव? राहू द्या.

संध्याकाळी

अनुश्री बसमधून उतरली तेव्हा चौकातच तिला कळले होते. घरी येऊन चप्पल काढली, पाणी प्यायली. म्हणाली, सांगितलंत? मी म्हणालो, सगळं. मग? तिने विचारले. कोणी मानत नाही, म्हणालो.

ती बघत राहिली. मग हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता खाली बसली. शशिकला आतून आली, तिला वाटले पोर रडते आहे. नीट सांगता येणार नाही, दोन्ही असावे.

नंतर तिने व्हॅनचे रजिस्टर आणले, अठ्ठावीस जुलैचे पान उघडले आणि माझ्यापुढे ठेवले. पेन दिले. मी 'तपास चालू' खोडून 'चुकीचा गिअर' लिहिले. पुढच्या रकान्यात 'उद्या लिहू' खोडून माझे नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. तिने वाचले, शाई वाळेपर्यंत थांबली आणि पान मिटले. माफी मागायची राहिली, ती मागितली. ती म्हणाली, जेवायला चला.

१७ सप्टेंबर, मंगळवार

काल गणपती बसले. मंडळाचे लोक आले होते, सोबत निधीचे पापा, ते यंदा सेक्रेटरी आहेत. रविवारी माझा सत्कार करायचे ठरले आहे. 'आदर्श पिता'. शाल, श्रीफळ. मी नाही म्हणालो. ते एकमेकांकडे बघून म्हणाले, यही तो बड़प्पन है. तीनदा नाही म्हणालो, दर वेळी जास्त खूश झाले.

सकाळी व्हॅन दिसली. नवे इंजिन, बंडूचा साडू चालवतो. निधी पुढच्या सीटवर होती. तो खरवडलेला स्टिकर अजून अर्धा तसाच आहे.

शशिकला म्हणाली, शाल घ्या, अनूला बसमध्ये होईल, सकाळचं वारं लागतं.

ठरवले आहे. रविवारी स्टेजवर माइक हातात घेऊन, सगळ्या मोहल्ल्यासमोर, पुन्हा एकदा खरे काय ते सांगणार. रात्री जेवताना अनुश्रीला सांगितले.

ती म्हणाली, नका सांगू बाबा, आणखी टाळ्या पडतील.